रद्द ड्रॉइंगच्या पाठीवर

सर,

तक्रार लिहून देतो आहे, नोंद घ्यावी. शाळांतून खडू गेला. कुणाला न विचारता, निरोप समारंभ न करता गेला. त्याच्या जागी पांढरा गुळगुळीत फळा आलेला आहे आणि त्यावर लिहायला मार्कर नावाची एक कांडी, जी पाहुण्याच्या हातात पडेपर्यंतच ओली असते. नवा खडू हातात आला की तुम्ही आधी त्याचे दोन तुकडे करायचात, म्हणजे तो फळ्यावर किंचाळत नाही. तुमच्याकडून शिकलेलं बाकीचं बरंच विसरलो, हे बोटांत राहिलं. गेल्या शनिवारी तळवड्याच्या बाजूच्या एका शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी मला मोठ्या आदरानं मार्कर दिला आणि माझ्या दोन्ही हातांनी, मला न विचारता, तो मधोमध मोडायला घेतला. मार्कर मोडत नाही, सर. त्याचं टोपण मात्र उडतं. ते पहिल्या बाकावरच्या मुलीच्या कंपासपेटीत जाऊन पडलं आणि दहावीचा अख्खा वर्ग प्रसन्न झाला. त्या दिवशीच्या माझ्या व्याख्यानातला मुलांना मनापासून आवडलेला भाग तेवढाच. सबब, झाल्या प्रकाराची जबाबदारी तुमच्यावर निश्चित करण्यात येत आहे.

तुम्ही म्हणाल, हा कंपनीतला माणूस शाळेत कशाला तडमडला. सांगतो. मी आता बावन्न वर्षांचा आहे आणि चाकणला गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचा प्रमुख आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. तुमचंही खातं तेच होतं, फक्त तुमच्याकडे लाल शाई होती आणि माझ्याकडे रिजेक्ट माल टाकायचे लाल क्रेट आहेत. सहा वर्षांपूर्वी आमच्या एचआरमधल्या मुलीची मेल आली की शाळा-कॉलेजांत जाऊन करिअरविषयी बोलायला स्वयंसेवक पाहिजेत. मी लगेच नाव दिलं. शनिवारचा अर्धा दिवस कंपनीबाहेर काढता येतो हे एक कारण, दुसरं पुढे येईलच. एचआरची अट एकच होती. "सर, फोटोत मुलं हसताना दिसली पाहिजेत. रिपोर्टला लागतात." मधली शाळा बंद असलेली वर्षं सोडली तर तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या शाळेत मी उभा असतो. माझी ओळख करून देताना मला कुणी थोर उद्योजक म्हणतं, कुणी शास्त्रज्ञ. एका ठिकाणी मी लष्करातही होतो. मी दुरुस्ती करत नाही. मुलांचे प्रश्न मात्र सगळीकडे एकच असतात, कंपनीत मोबाईल वापरू देतात का, कॅन्टीनमध्ये काय मिळतं, आणि मागच्या बाकावरून, चेहरा न दाखवता, पगार किती.

माझ्या व्याख्यानाला अकरा स्लाइड आहेत. म्हणजे पडद्यावर दाखवायची चित्रं. तुम्ही फळ्यावर जे एका ओळीत उरकायचात, त्याला आता अकरा लागतात. शेवटच्या स्लाइडवर एक भलामोठा डोळा आणि खाली माझं वाक्य, "मशीन कितीही येऊ देत, शेवटचा पीस पास करायला माणसाचाच डोळा लागतो." इथे मी थांबायचो. टाळ्या यायच्या. वाक्य मी स्वतः केलेलं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा सुभाषितासारखा अभिमान होता. आयटीआय करा, डिप्लोमा करा, मोजायला शिका, तपासायला शिका, तुमच्या डोळ्याला कुणी हात लावू शकत नाही, असा त्याचा भावार्थ.

तर गेल्या शनिवारी टाळ्या झाल्या, आणि जिच्या कंपासपेटीत टोपण पडलं होतं तीच मुलगी उभी राहिली.

"सर, तुम्ही चार वर्षांपूर्वी पण आला होता ना आमच्या शाळेत?"

"आलो असेन."

"असेन नाय सर, आला होता. माझ्या आपाच्या वहीत लिहिलंय. आपा म्हणजे मोठी बहीण. तुमचं हे डोळ्याचं वाक्य आहे तिच्यात, खाली दोन रेघा मारून."

वर्ग हसला. मीही हसलो, आणि चक्क सुखावलो. म्हटलं, "मग? आपानं ऐकलं का माझं?"

"ऐकलं ना. आयटीआय केलं. फिटर. मग एक वर्ष कंपनीत अप्रेंटिस होती, चाकणलाच, पीस तपासायला." भांडायला उभी राहिलेली नव्हती ती. हिशेब जुळत नाही म्हणून बाईंकडे वही घेऊन येतात तसा तिचा चेहरा होता. "मग सर, तिथं कॅमेरा आला आणि आपाला सोडलं. ती चार महिने घरी आहे. डोळा लागतो तर मग सोडलं का?"

मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "बेटा, पर्सनल प्रश्न नंतर विचारायचे."

"पर्सनल नाय मॅडम. यंदा फॉर्म मला पण भरायचाय."

पुढच्या शनिवारी येऊन सांगतो, असं म्हणालो. तो पुढचा शनिवार उद्या आहे.

आता तुम्हाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. कंपनीत प्रत्येक पीस ड्रॉइंग बघून बनवतात. ड्रॉइंग म्हणजे त्या पीसचा नकाशा, कुठे किती जाडी, कुठे किती मोठं भोक. एखादं माप बदललं की नवं ड्रॉइंग येतं आणि त्याच दिवशी जुनं ड्रॉइंग एकूणएक मशीनवरून गोळा करून त्यावर 'रद्द' असा लाल शिक्का मारायचा असतो. कारण ऑपरेटर कितीही कुशल असो, त्याच्यासमोर जुना कागद लटकत असेल तर तो अतिशय सुबक, अतिशय अचूक असा चुकीचाच माल काढत राहतो. मशीनवर जुनं ड्रॉइंग सापडणं हा आमच्याकडे मोठा गुन्हा आहे. एका सुपरवायझरला मी त्यावरून सगळ्यांदेखत इतकं बोललो होतो की तो आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हता. बोलताना मी तुमचा आवाज काढला होता, तो ठेवणीतला, हळू. आपाची कंपनी वेगळी, पण दीड वर्षापूर्वी आमच्याही तपासणीच्या टेबलावर कॅमेरे बसले. त्या कागदावर सही माझी आहे. ट्रायल मीच घेतली. ते माणसापेक्षा चांगलं तपासतात, दमत नाहीत, आणि त्यांना दुपारी दोन वाजता पेंगही येत नाही. टेबलावर चौदा जण होते, पाच राहिले. सही केली त्याच आठवड्यात मी एका शाळेत जाऊन तो डोळा दाखवला. त्यानंतरही दाखवत राहिलो. फसवायचं म्हणून नव्हे, सर. अकरावी स्लाइड बदलायची असते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. टाळ्या येत होत्या ना. सगळ्या कारखान्याच्या मशीनवरचे जुने कागद काढत फिरणारा मी, माझ्या स्वतःच्या मशीनवर जुनं ड्रॉइंग लावून बसलो होतो.

सोमवारी, मंगळवारी कामावर मन नव्हतं. तुमचं स्वयंपाकघर आठवत राहिलं. कासारवाडीला रुळांपलीकडच्या तुमच्या दोन खोल्या, काकू दवाखान्यात दिवसपाळीला, त्यामुळे दुपारचा स्वयंपाक तुमच्याकडे. दहावीचा निकाल लागलाय आणि तुम्ही मला घरी बोलावलंय. स्टोव्हला पंप मारताय. कॉलरमध्ये रुमाल खोचलेला आहे, जणू पोहे अंगावर उडणार आहेत. मी दारातच सांगून टाकतो की मला आर्ट्सला जायचंय, संस्कृत घ्यायचंय. मला वाटलेलं की तुम्ही पाठ थोपटणार. तुमच्या विषयात शाळेत पहिला आलेलो. तुम्ही कांदा चिरत राहता. मग म्हणता, "वडिलांचा ले-ऑफ चालू आहे ना?" चालू होता. पिंपरीतल्या त्यांच्या कंपनीत काम नव्हतं, महिन्यातले निम्मे दिवस ते घरी बसून जुन्या रेडिओची बटणं फिरवत. "मग डिप्लोमाचा फॉर्म भर. मेकॅनिकल." मी म्हणतो, "आणि संस्कृत?" तुम्ही म्हणता, "संस्कृत कुठं जात नाही. ते एकदा जाऊन आलेलं आहे." माझ्या डोळ्यांत पाणी येतं आणि तुम्ही वर न बघता मला फटकारता, "तुला रडायचं कारण नाही. कांदा मी चिरतोय."

पोह्यांत मीठ दोनदा पडलं होतं. हे तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो.

कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात तुम्ही मला सहा इंची स्टीलची पट्टी दिलीत. संस्कृतच्या मास्तरानं द्यायची वस्तू म्हणजे कोश, निदान एखादा पातळसा व्याकरणाचा ग्रंथ. तुम्ही पट्टी दिलीत आणि म्हणालात, "मोजायला लागेल." ती अजून आहे. माझ्या खणात असते. एकदा बाहेरून आलेल्या ऑडिटरनं ती पकडली. आमच्याकडे मोजायची प्रत्येक वस्तू वर्षातून एकदा तपासून, नंबर देऊन, यादीत असावी लागते. ही यादीत नाही, म्हणाला. मी तिला चिठ्ठी चिकटवली, 'फक्त संदर्भासाठी, मोजण्यासाठी नाही.' तो समाधानानं गेला. सर, तुमच्याविषयी इतकं नेमकं मी आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही.

बुधवारी मी तळवड्याला गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी पत्ता दिला होता, "भांडायला नाही ना चाललात?" असं विचारून. मुलींच्या वडिलांचं दुचाकीचं गॅरेज आहे, एक शटर, बाहेर चार गाड्या, आणि त्यांच्या मागेच घर. मी कोण ते सांगितलं तर त्यांनी हात पुसत मला आपादमस्तक न्याहाळलं. "डोळेवाले साहेब! या की. त्या स्टुलावर नका बसू, ग्रीस हाय. इथं बसा."

"तुमच्या मोठ्या मुलीला भेटायचं होतं."

"ती बघा समोर. कार्बोरेटर खोललाय तिनं. चहा मी टाकतो, ती टाकत न्हाई. म्हंती, मी फिटर हाय."

आपा, मीही आता तिला तेच म्हणतो, वीस वर्षांची आहे. ओढणी मागे गाठ मारून बांधलेली, नखांत काळं. तिनं उठून नमस्कार केला आणि परत बसली, कारण हातातली स्प्रिंग सोडली असती तर उडाली असती. मी विचारलं, नेमकं काय झालं. तिनं सरळ सांगितलं. काम तिला आवडायचं. पीसवर केसासारखी बारीक चीर असेल तर ती तिला हात लावायच्या आधी कळायची, कशी ते तिलाही सांगता येत नाही. मग कॅमेरा आला. "सर, तो येतो तेव्हा त्याला काही येत नसतं. त्याला दाखवायला लागतं, हा पीस चांगला, हा वाईट. दोन महिने मीच दाखवत होते. रोज आठ तास. टेबलावर मलाच सगळ्यांत चांगलं दिसायचं म्हणून मला बसवलं." तिनं स्प्रिंग जागेवर बसवली. "तिसऱ्या महिन्यात त्याला यायला लागलं. माझं वर्षपण तेव्हाच भरलं. सर्टिफिकेट दिलं, पेढा दिला."

"म्हणजे तुमचं वाक्य बरोबरच होतं, सर," ती पुढे म्हणाली. "डोळा लागतो. दोन महिने लागतो."

ती मला टोचत होती की नुसतं सांगत होती ते मला कळलं नाही. तुमचंही कळायचं नाही.

वडील चहा घेऊन आले. म्हणाले, "साहेब, तुमाला दोष न्हाई देत मी. आमी हितलेच, कंपन्या आमच्या डोळ्यांदेखत आल्या, काही गेल्यापण. पण एक इचारू? माझ्याकडं गिऱ्हाइकाची गाडी मी नीट केली म्हणून दिली, आणि आठ दिसांनी ती परत खडखडली, तर तो परत येतो. शिव्या घालतो. चारचौघांत इज्जत काढतो. मग मला कळतं, कुठं चुकलो. तुमच्याकडं कोण परत येतं?"

मी चहा प्यायलो. साखर बेताची होती.

जाताना मी आपाला म्हणालो, शनिवारी वर्गात तू ये, माझ्याऐवजी तू बोल. हे ठरवून गेलो नव्हतो, तोंडातून निघालं. ती म्हणाली, "काय बोलू?" म्हटलं, जे झालं ते. "आणि शेवटी काय बोलू? तुमच्यासारखं शेवटी एक वाक्य लागतं ना." माझ्याकडे नव्हतं. मग तिनं विचारलं, "कंपनीचा शर्ट परत द्यायचा राहिलाय माझ्याकडं. तो घालून येऊ का? मुलांना खरं वाटेल."

"नको," मी म्हणालो, आणि ते इतक्या जोरात निघालं की तिच्या वडिलांनी कपावरून वर पाहिलं.

सर, हे दुसरं कारण. मी शाळांत बोलायला जातो ते का, याचं. मला नोकरी लागली त्या वर्षीपासून तुम्ही मला दहावीच्या वर्गात बोलवायला लागलात. मार्गदर्शन असा शब्द तेव्हा नव्हता. "ये, पोरांना दाखवतो तुला," असं म्हणायचात. मी कंपनीचा फिकट निळा शर्ट घालून यायचो, खिशावर कंपनीचं चिन्ह, आणि तुम्ही मला खिडकीजवळ उजेडात उभं करायचात, वस्तुसंग्रहालयात मूर्ती ठेवतात तसं. मी कंपनीच्या बसविषयी आणि कॅन्टीनविषयी सांगायचो. तिसऱ्या वर्षी तुमचा निरोप आला तेव्हा मला कामावरून कमी करून दोन महिने झाले होते. कंत्राट संपलं, पुढचं मिळालं नाही. घरी माहीत होतं, तुम्हाला माहीत नव्हतं. मी तो शर्ट घातला, इस्त्री केली आणि आलो. कॅन्टीनमध्ये गुरुवारी आता गोड असतं, असंही सांगितलं. हे कशाला सांगितलं, देव जाणे. खोटं बोलताना माणूस तपशिलात फार उदार होतो. तास संपल्यावर सात मुलांनी मला घेरलं. डिप्लोमाचा फॉर्म कुठे मिळतो, कधी भरायचा, मार्क किती लागतात. मी सगळं नीट सांगितलं, सातही जणांना.

तुम्ही मला फाटकापर्यंत सोडायला आलात. घड्याळ पाहिलंत. सव्वाचार वाजले होते. म्हणालात, "जा आता. दुसऱ्या पाळीला उशीर होईल तुला."

दुसरी पाळी साडेतीनला सुरू होते. ती कधी सुरू होते हे त्या गावात ज्याला माहीत नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. तुम्ही तर भोंगा वाजला की श्लोकाच्या मध्यावर थांबायचात आणि तो संपला की त्याच अक्षरापासून पुढे सुरू करायचात. तुम्हाला कळलं होतं. मी 'हो सर' म्हणालो आणि कासारवाडी स्टेशनवरच्या बाकावर जाऊन बसलो, पाळी सुटायच्या वेळेपर्यंत नाही, पण बराच वेळ. पाच महिन्यांनी मला दुसरीकडे काम मिळालं आणि पुढच्या वर्षी मी तुमच्या वर्गात आलो तो माझ्या कमाईच्या शर्टात. तुम्ही काही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. तुम्हाला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. मला एवढंच विचारायचं होतं की कळलं होतं तर त्या सात जणांना तुम्ही दुसऱ्या दिवशी काही सांगितलंत का. की, मी जसा अकराव्या स्लाइडपाशी थांबायचो तसे तुम्हीही थांबलात. मला उजेडात उभं केलं होतंत, ते दृश्य तुम्हालाही मोडवलं नाही? हा आरोप नाही. आरोप फक्त खडूबाबत आहे.

काल मी एचआरमध्ये गेलो. आपाचा बायोडेटा ठेवला. ती मेल पाठवणारी मुलगी आता मोठी अधिकारी झाली आहे. तिनं तो मन लावून वाचला. "चांगली आहे, सर. पण भरती बंद आहे, तुम्हाला माहीतच आहे. आणि तपासणीच्या टेबलावर जागा कुठून आणू? कॅमेरा तर तुम्हीच पास केला होता." मग म्हणाली, "शनिवारचे फोटो पाठवाल ना?" बायोडेटा तिनं परत दिला नाही, ठेवून घेतला. त्याचा अर्थ काय तो मी काढत नाही. कॅमेरा मला आजही चुकीचा वाटत नाही, सर. उद्या परत कागद समोर आला तरी सही करीन. चीर पडलेला ब्रेक घेऊन कुणाची गाडी घाटात जाऊ नये, त्याला कोणाचा डोळा लागला याची पर्वा त्या घाटाला नसते. अवघड तेच आहे. कॅमेरा चुकला असता तर सोपं होतं.

डोळ्याची स्लाइड मी काढून टाकली आहे. आता दहा आहेत. उद्या सकाळी आपा येईल, तिच्या स्वतःच्या कपड्यांत. ती बोलेल. मी मागच्या बाकावर बसणार आहे, जिथून चेहरा न दाखवता प्रश्न विचारतात. धाकटी पुढे असेल, फॉर्म घेऊन. तिला काय सांगायचं ते मी या आठवड्यात पाच वेळा लिहिलं आणि पाच वेळा खोडलं. फिटर नको म्हणावं, तर मग काय म्हणावं? मोजणं फुकट जात नाही असं मला वाटतं, पण ते मला वाटतं, माझ्या पट्टीवरून, आणि ती यादीत नाही. तिला मी एवढंच सांगणार आहे की आज हे असं आहे, दोन वर्षांनी बदलेल, आणि तू मला परत येऊन विचारायचंस. माझा नंबर फळ्यावर लिहून देणार आहे. मार्कर चालला तर.

हे पत्र मी ऑफिसात बसून लिहितो आहे, पहिली पाळी गेली, दुसरी आत आली. कागद म्हणून रद्द झालेली ड्रॉइंग घेतली आहेत, पाठ कोरी असते आणि आमच्याकडे कच्च्या कामाला तीच वापरतात. उलटून पाहिलंत तर लाल शिक्का दिसेल. तुम्ही पाहणार नाही, कारण रद्द ड्रॉइंग गेटबाहेर न्यायची परवानगी नाही. तो नियमही माझाच आहे. सोमवारी हे बाकीच्या कागदांबरोबर कापायच्या मशीनमध्ये जाईल.

राहिलं एक. मला आपाची फारशी काळजी नाही. तिला दिसतं, ती काहीतरी करील, आणि तिच्या घरी कुणी तिला चहा टाकायला लावत नाही. धाकटी तर मलाही पुरून उरेल. पण जुन्या ड्रॉइंगवर माल गेला असं कळलं की आम्ही पहिल्यांदा काय करतो, तर किती गेला आणि कुठे कुठे गेला याची यादी काढतो आणि एकेक पीस परत मागवतो. दीड वर्षात मी ते वाक्य किती शाळांत बोललो ते माझ्या डायरीत आहे. शाळांची नावं आहेत, तारखा आहेत, हसणाऱ्या मुलांचे फोटोसुद्धा आहेत. त्यातली एक जण उभी राहिली. बाकीच्यांनी काय फॉर्म भरले, ते मला माहीत नाही. तुमच्या वर्गातल्या त्या सातांचंही मी कधी विचारलं नाही. डायरी समोरच आहे, फोन करायला बसलो तर एका दुपारचं काम. आठवडा झाला, मी एकही फोन केलेला नाही. मला भीती वाटते, सर.